साक्ष आधी, स्क्रू मागून

दुरुस्तीला बोलावलं की पहिल्या फेरीला ते हत्यारांची पिशवी घरीच ठेवून येत. हत्यारं दिसली की घरातली माणसं साक्ष बदलतात, असं त्यांचं म्हणणं. काखेत एक लांबडी वही, कानावर पेन्सिल, अंगात कोर्टातला जुना काळा कोट आणि खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेला पंचा, अशा थाटात ते फाटकातून येत. बिघडलेला पंखा असो, इस्त्री असो, रेडिओ असो, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता बाकावर बसत आणि म्हणत, "एकेकाला पाठवा."

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांचा एक नातू हेब्बाळकडे कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि आजोबांइतकाच शंकेखोर आहे. उगाच उलटतपासणी नको. आमच्या बंगळूरच्या बसवनगुडीतल्या गल्लीत त्यांना अण्णा म्हणत. पण त्या गल्लीत अण्णा होते सात. म्हणून हे 'करंट अण्णा'.

कोर्टात त्यांनी तीस वर्षं साक्षी लिहून घेतल्या होत्या. विजेशी संबंध आला तो न्यायाधीशांच्या डोक्यावरच्या पंख्यामुळे. तो पंखा डगमगायला लागला आणि दुरुस्तीवाला काही येईना. न्यायाधीश निकाल वाचताना एक डोळा कागदावर आणि एक डोळा छताकडे ठेवू लागले, तेव्हा हेच शिडीवर चढले. चढले कारकून म्हणून आणि उतरले इलेक्ट्रिशियन होऊन. निवृत्तीनंतर धंदा तोच, पद्धत मात्र कोर्टाची. 'साक्ष आधी, स्क्रू मागून' हे त्यांचं एकच तत्त्व होतं. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानावर पडू द्यायचे नाहीत. आणि कुणी काहीही म्हणालं की लगेच विचारायचे, "पाहिलं की ऐकलं?"

ही सवय इतकी हाडात मुरली होती की त्यांच्या बायकोने आतून "भात करपला हो" अशी हाक मारली तरी हे बाहेरून विचारत, "पाहिलास की वास आला?"

दुसरी सवय उलट्या हाताची. विजेच्या वस्तूला तळवा लावायचा नाही, बोटांची मागची बाजू लावायची. झटका बसला तर मूठ आवळते, आणि तळवा असला तर वस्तू हातातच राहते, माणूस मात्र राहत नाही. नियम चांगलाच होता. पण त्यांनी तो सगळ्या जगाला लावला. बाजारात आंबे उलट्या हाताने चाचपायचे, बसची दांडी आधी उलट्या हाताने बघायचे, कॉफीचा पेला आणून ठेवला तर त्यालाही बोटांची पाठ लावून, धोका नाही अशी खात्री करून मगच उचलायचे.

त्यांच्या स्वतःच्या घरची बेल मात्र मी बंगळूरला आल्यापासून बंद होती. एकदा मी टोमणा मारला, तर म्हणाले, "त्या प्रकरणात मी पक्षकार आहे, सूनबाई. मला हात घालता येत नाही."

आणि पोटात किती ठेवत! समोरच्या घरातला रेडिओ रोज संध्याकाळी ऐन बातम्यांच्या वेळी खरखरायचा. अण्णांनी सगळ्यांच्या साक्षी घेतल्या, अगदी माडीवरच्या भाडेकरूचीसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून रेडिओ स्वच्छ. काय केलं ते कुणाला कळलं नाही. तो भाडेकरू काही वर्षांनी घर सोडून जाताना मला स्वतः म्हणाला, की त्या शाकाहारी घरात तो चोरून विजेच्या शेगडीवर ऑम्लेट करायचा आणि शेगडीच्या ढिल्या वायरीची खरखर खाली रेडिओत उतरायची. अण्णांनी त्याची वायर घट्ट करून दिली आणि जाताना एवढंच म्हणाले, "कांदा स्वल्प कमी घाला. वास जिन्यापर्यंत येतो."

आता माझ्याकडे वळते. टाळून चालणार नाही, कारण अण्णांच्या वहीतली सगळ्यात मूर्ख साक्ष माझ्या नावावर आहे.

मी पुण्याहून लग्न होऊन आले ती पदार्थविज्ञानातली बी. एस्सी. आणि स्वतःचं नाक, दोन्ही वर धरून. सासरची माणसं शेकडो वर्षं इकडेच मुरलेली. त्यांच्या मराठीत 'बरं'ला 'सरी' आणि 'थोडं'ला 'स्वल्प' ऐकलं की मी अशी काही भुवई उडवायचे, की आज कुणी माझ्यासमोर तशी उडवली तर मी तिला लाटण्याने खाली आणीन. बल्ब बदलतानासुद्धा मी घरच्यांना वीज म्हणजे काय ते समजावून सांगायचे. आमचे हे भला माणूस. ते पेपर वाचायचे.

सासूबाईंना घरात-दारात सगळे अक्का म्हणत, मीही म्हणायचे. एका मुलींच्या कॉलेजात मला प्रयोगशाळेत शिकवायची नोकरी चालून आली, तेव्हा अक्कांनी एकच अट घातली. "घरचं धुणं घरच्या हाताने. धोब्याकडे माझं सोवळं जाणार नाही. ते उरकून मग कुठे जायचं तिथे जा." सहा माणसांचं धुणं दगडावर आपटून मी बाहेर पडणार बाराला, आणि कॉलेज भरणार साडेआठला. म्हणजे नोकरी नाहीच.

त्या वर्षी विलायतेहून परतलेल्या माझ्या दिरांनी बोटीतून कपडे धुण्याचं मशीन आणलं. आमच्या अख्ख्या भागात तसलं पहिलंच असावं. एका टाकीत कपडे धुवायचे, मग ते उचलून शेजारच्या पिंपात घालायचे. ते पिंप गरगर फिरून त्यांतलं पाणी काढून टाकायचं. अक्का तीन दिवस त्याच्याभोवती घुटमळल्या. "पाणी आपल्या विहिरीचं, बटण आपल्या हाताचं. मग हरकत काय?" असा निवाडा त्यांनी स्वतःच देऊन टाकला. तरी स्वतःचं सोवळ्याचं लुगडं त्या स्वतःच लावायच्या, तेसुद्धा अंघोळ करून, ओलेत्याने, अनवाणी. पिंप फिरायला लागलं की टक लावून बघत राहायच्या. नावही त्यांनीच ठेवलं, भिंगरी.

भिंगरी आली आणि मी कॉलेजला होकार कळवला. कॉलेज उघडायला आठवडा होता, तोच पिंप फिरायचं थांबलं. नुसता घूं असा आवाज. अण्णा आले, साक्षी झाल्या, दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन परत आले, मागचा पत्रा खोलून मोटरमधले झिजलेले कार्बनचे तुकडे बदलले आणि एक पूर्ण धुणं होईपर्यंत समोर बसून राहिले. सगळं ठीक.

ते गेले आणि माझ्या डोक्यात सुधारणा शिरली.

मशीन होतं मागच्या पडवीच्या टोकाला. तेच जर पडवीतच स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर आणलं तर भात आणि धुणं दोन्हींवर एकदम नजर राहील, सकाळची दहा मिनिटं वाचतील! चाकं होतीच. ढकलत आणलं. वायर मात्र प्लगपर्यंत पोचेना. मग मी माळ्यावरच्या मोडक्या टेबलफॅनची वायर कापली, विळीवर सोलली आणि मधे जोडली. मशीनच्या वायरीत निघाल्या तीन तारा, पंख्याच्या वायरीत दोनच. मी क्षणभर थांबले. मग पदवी मदतीला आली. वीज एका तारेने जाते, दुसरीने परत येते. मग तिसरी कशाला, सोबतीला? तिसरी तार मी दोन्हीकडून मुडपून टाकली. चिकटपट्टी घरात नव्हती, म्हणून सांध्यांवर जुन्या कापडाची चिंधी करकचून बांधली, वर नीटनेटकी गाठ मारली आणि समोर पितळी घंगाळ आडवं ठेवलं. भिंगरी गरगर फिरली. मला माझाच अभिमान वाटला, आणि तो फार वेळ टिकलाही. पुढल्या सकाळपर्यंत.

सकाळी अक्का किंचाळल्या. "चावलं गं!"

"काय चावलं?"

"भिंगरी चावली! झाकणाला हात लावला तर विंचवासारखं!"

मी हात लावला. काही नाही. पुन्हा लावला. काहीच नाही. अक्कांनी बोट टेकवलं आणि पुन्हा ओरडल्या. मी त्यांना शांतपणे, पुण्याच्या शुद्ध मराठीत समजावलं की हे मनाचे खेळ आहेत.

अक्कांनी चावलेलं बोट पदरात गुंडाळलं. मग म्हणाल्या, "अण्णांनी दुरुस्त केल्यापासून हे सुरू झालंय. बोलाव त्यांना. सोमवारपर्यंत नीट झालं नाही तर भिंगरी अडगळीत आणि तू दगडावर."

सोमवारी कॉलेज उघडत होतं. मधे फक्त शनिवार आणि रविवार.

अण्णा शनिवारी सकाळीच वही घेऊन आले. आधी आमच्या ह्यांची साक्ष झाली. "मी पेपर वाचत होतो," एवढीच. मग अक्का. मग मी.

"तुम्हाला झटका बसत नाही?"

"मुळीच नाही."

"पायांत काय असतं?"

"रबरी सपाता."

लिहिलं.

"उभ्या कशावर राहता?"

"पाटावर. खाली ओलं असतं ना."

हेही लिहिलं. एवढ्यावर कुठल्याही शहाण्या मुलीच्या डोक्यात उजेड पडला असता. माझ्या पडला नाही. मी चक्क त्यांची कीव करत होते, की विजेच्या कामात पायांतल्या सपातांची चौकशी करतो हा माणूस.

"मशीनची वायर माझ्या हाताने चार हात होती," अण्णा म्हणाले. "आता प्लगपासून मशीनपर्यंत अंतर सात हात आहे. मधले तीन हात कुठून आले?"

खरं सांगायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण कुणी आपलं काम तपासतंय म्हटल्यावर माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. मी म्हणाले, "उन्हाळा आहे. उष्णतेने धातू प्रसरण पावतो."

अण्णांनी वर बघितलं नाही. एकेक शब्द पुटपुटत त्यांनी वहीत लिहिलं, "साक्षीदार म्हणतात, वायर उन्हाने वाढली." मग विचारलं, "पाहिलं की ऐकलं?"

"शिकलेय," मी म्हणाले.

ते उठून पडवीत गेले. मी आत गेले आणि खिडकीच्या गजांतून बघायला लागले. अण्णांनी सपाता काढल्या, ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले आणि बोटांची पाठ मशीनला टेकवली. हात झटकला. "हं," म्हणाले. मग प्लग काढून ठेवला आणि वाकून घंगाळ हलकेच बाजूला सरकवलं. माझी चिंधी त्यांना दिसली. गाठ दिसली. त्यांनी ती दोन बोटांनी उचलून बघितली आणि होती तशी खाली ठेवली. घंगाळ पुन्हा जागेवर आणलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सपाता, पाट, ओली फरशी आणि मी मुडपलेली तार, हे सगळं एका ओळीत माझ्यासमोर उभं राहिलं. आदल्या दिवसापासून अक्का त्या मशीनला ओलेत्याने हात लावत होत्या. विंचू चावल्यासारखं झालं, एवढ्यावर निभावलं होतं.

तेवढ्यात अक्काच पडवीत आल्या. "काय झालंय, कळलं का?"

"बघतोय, अक्का."

"काय बघताय? तुम्ही हात लावलात आणि ते चावायला लागलं. अण्णा, राग मानू नका. पण तुमचा हात आता पूर्वीचा राहिलेला नाही. इस्त्री, पंखा एक वेळ ठीक. हे जिवाशी खेळणं आहे. मला गल्लीत चार घरी सांगावं लागेल. न सांगून चालणार नाही."

अण्णांच्या त्या चार घरांवर तर सगळं चालायचं. पैशांपेक्षा, सकाळी कोट चढवून कुठेतरी जायचं असणं, हे त्यांचं सगळं होतं. मला वाटलं, आता ते घंगाळ सरकवणार. मी गज घट्ट धरले.

अण्णा म्हणाले, "सरी, अक्का. झालं असेल. वय झालंच आहे. संध्याकाळी हातगाडी आणतो आणि मशीन घेऊन जातो."

खिडकीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. पेन्सिल कानावर ठेवली, वही बंद केली आणि पायांनी सपाता शोधायला लागले. एक सपात पडवीतल्या बाकाखाली गेली होती. ती पायाने ओढताना त्यांचा तोल जरा गेला आणि त्यांनी भिंतीला हात टेकला. भिंतीला मात्र सबंध तळवा टेकला.

मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले. पायाने घंगाळ उडवलं. ते ठणठणत थेट अंगणात गेलं.

"मी केलं! वायर मी जोडली! उन्हाने नाही वाढली!"

अक्कांची नजर चिंधीवर गेली. त्या खाली बसल्या, चिंधीचं टोक धरून डोळ्यांजवळ नेलं.

"हे माझं लुगडं."

"अक्का, ऐका ना..."

"ही माझ्या इरकलीची किनार! हे लुगडं तू भांडेवालीला दिलंस म्हणालीस!"

"भांडेवालीला देणारच होते. थोडं फाडून घेतलं, पुसायला."

"अण्णा, लिहा! लुगड्याचं आधी लिहा!"

विजेचा झटका अक्का विसरूनच गेल्या. लुगड्याची जबानी झाल्याशिवाय पुढे सरकेनात. अण्णांनी ती गंभीरपणे लिहून घेतली, किनारीच्या रंगासकट. मग घरी जाऊन हत्यारांची पिशवी आणि तीन तारांची नवी वायर घेऊन आले. मशीनचा मागचा पत्रा खोलला, आत बराच वेळ वाकून राहिले आणि कोरड्या आवाजात म्हणाले, "आता माझी साक्ष लिहा, सूनबाई." वही त्यांनी माझ्या हातात दिली. "परवा पत्रा बंद करताना आतली एक तार माझ्याकडून पत्र्याखाली चेपली गेली. तिचं रबर कापलंय. वीज पत्र्यात आली ती माझ्यामुळे. लिहिलंत?"

लिहिलं.

"आणि तिथून जमिनीत जायची वाट तुम्ही बंद केलीत. दोन तारा कामाला असतात. तिसरी कधीच काम करत नाही, काम बिघडलं तरच करते. तुम्ही ती काढलीत, म्हणून ते काम अक्कांकडे आलं."

बी. एस्सी.ची तीन वर्षं मी ज्या पुस्तकांवर झोपा काढल्या, त्यांत हे कुठेतरी नक्कीच होतं.

चेपलेली तार बदलली, नवी वायर बसली, भिंगरी पुन्हा पडवीच्या टोकाला गेली. मग अण्णांनी अक्कांकडे बघितलं. अक्कांना कळलं. त्या आत गेल्या, अंगावर दोन तांबे ओतून घेतले आणि तशाच ओलेत्याने, अनवाणी बाहेर आल्या. पिंप फिरत होतं. आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. लग्नानंतर मी तो पहिल्यांदाच खाली ठेवलेला बघितला. अक्कांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला. तळवा नव्हे, बोटांची पाठ. अण्णांकडून शिकल्या असाव्यात.

टेकवला. तसाच ठेवला. मग तळवा ठेवला. मग दुसरा.

"नाही चावत," त्या म्हणाल्या. मी भिंतीला टेकून खाली बसले.

अक्कांनी लुगड्याचा ओला पदर पिळला आणि अण्णांना म्हणाल्या, "चार घरी मी काही सांगणार नाही. आणि हिचं ते कॉलेज आहे ना, सोमवारपासून? जाऊ दे हिला. आठालाच जाऊ दे. दुपारपर्यंत परत येऊ नकोस म्हणावं. तेवढा वेळ तरी घरातल्या तारा आणि माझी लुगडी शाबूत राहतील."

"हुकूम," अण्णा म्हणाले, आणि चक्क हसले. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ऐकलं नव्हे, पाहिलं.

सोमवारी मी पावणेआठलाच घर सोडलं, निकाल फिरायच्या आत. माझ्या त्या पहिल्याच तासाला प्रयोगशाळेत पंधरा मुली होत्या, वेण्या घातलेल्या, माझ्याइतक्याच शिष्ट. मी टेबलावर तीन तारांची वायर सोलून दाखवली. पहिल्या बाकावरची एक मुलगी भुवई उडवून म्हणाली, "मिस, वीज एकीने जाते, एकीने येते. मग ही तिसरी कुणासाठी?"

मी म्हणाले, "सासूसाठी."